मीठ जिकडे, पाणी तिकडे

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी, पाने वाढायला घेतल्यावर घालायचे, हे मराठी घरात मुलीला वेगळे शिकवावे लागत नाही. एकदा घाई केली की तिचे तिला कळते. अर्ध्या तासापूर्वी कुरकुरीत असलेली काकडी मऊ पडते आणि वाडग्याच्या तळाशी पाणी साचते. दही घातलेले असेल तर त्याचे ताक होऊन जाते. काकडीत पाणी असते हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्या वजनाचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. पण सुरीने फोडी केल्या तेव्हा हे पाणी असे वाहिले नाही आणि चिमूटभर मीठ पडताच मात्र वाहू लागले, असे का?

काकडीची एक फोड म्हणजे असंख्य सूक्ष्म पेशींची वस्ती. प्रत्येक पेशी ही पाण्याने भरलेली एक इवलीशी पिशवी समजावी. आतल्या पाण्यात थोडी साखर, थोडे क्षार आणि इतर काही पदार्थ विरघळलेले असतात. या पिशवीचा पडदा मोठा चोखंदळ असतो. पाण्याला तो येऊ-जाऊ देतो, पण मीठ-साखरेला सहजासहजी वाट देत नाही. पाणी खरे तर दोन्ही दिशांनी सतत ये-जा करीत असते. दोन्हीकडचा दाटपणा सारखा असेल तर जितके जाते तितकेच परत येते आणि काही घडल्यासारखे वाटत नाही. बाहेर मीठ पडले, म्हणजे बाहेरचा ओलावा दाट झाला, की आतून बाहेर जाणारे पाणी जास्त आणि परत येणारे कमी, असा हिशेब सुरू होतो. पेशीच्या पोटातले पाणी कमी होते, पेशी आकसते आणि फोड लुळी पडते. शाळेच्या पुस्तकात या क्रियेला परासरण म्हणतात. इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे ऑस्मॉसिस म्हणतात. नाव कोणतेही घ्या, सासूबाईंचा नियम तोच राहतो: मीठ जिकडे, पाणी तिकडे.

युरोपात याची नोंद झाली ती १७४८ साली. नोले नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूला विज्ञानाचे प्रयोग करण्याची हौस होती. त्याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे कातडे घट्ट बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतो तर कातडे फुगून वर आलेले. बाहेरचे पाणी आत शिरले होते. आपल्याकडे त्या काळीही कैरीचे लोणचे घातले जात होतेच, फक्त कोणी त्यावर प्रबंध लिहिला नाही.

लोणच्याची गोष्ट तर कोशिंबिरीहून पुढची आहे. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर ठेवली की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेले असते. ते पाणी निथळून फोडी वाऱ्यावर सुकवतात, मग मसाला, मग तेल. पण मिठाचे खरे काम यानंतर, बरणीच्या आत वर्षभर चालू राहते. हवेतून, हातावरून, चमच्यावरून जे जीवजंतू बरणीत जातात तेही पेशींचेच बनलेले असतात. दाट खारात पडताच त्यांच्या पोटातले पाणी बाहेर ओढले जाते. ते मरतात तरी, नाही तर त्यांची वाढ खुंटते. साखरआंब्याच्या पाकात मिठाऐवजी साखर हेच करते. म्हणूनच लोणच्यात ओला चमचा घातला की घरातली वडीलधारी माणसे एवढी कडाडतात. त्या चार थेंबांनी वरच्या थरातला खार पातळ होतो आणि बुरशीला तेवढी फट पुरते.

याच्या उलट प्रकारही स्वयंपाकघरात रोज होतो. मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टपोऱ्या होतात. आत साखर गच्च, बाहेर साधे पाणी, तेव्हा पाणी आत जाणारच. (हरभरे भिजून फुगतात ती गोष्ट थोडी निराळी. कोरडे दाणे आधी स्पंजासारखे पाणी शोषून घेतात. परासरणाची पाळी नंतर येते.) बाजारातून आणता आणता मान टाकलेली कोथिंबीर देठ पाण्यात बुडवून ठेवली की तासाभरात ताठ उभी राहते. तिच्या पेशींत पाणी शिरून त्या टम्म झालेल्या असतात. कोवळ्या रोपाला लाकडाचा आधार नसतो. ते उभे राहते ते या पाण्याच्या दाबावर, सायकलचे चाक हवेच्या दाबावर ताठ राहते तसे. लाजाळूचे पान बोट लागताच मिटते तेही याचमुळे. पानांच्या बुडाशी असलेल्या काही पेशींतून क्षार झटकन बाहेर पडतात, त्यामागे पाणी जाते आणि पान खाली पडते. काही मिनिटांनी पाणी परत येते आणि पान पुन्हा उघडते.

हाच नियम कधी जिवावरही उठतो. कुंडीतल्या गुलाबाला लवकर फुले यावीत म्हणून कुणी मूठभर युरिया घालतो आणि दोन दिवसांत झाड जळल्यासारखे दिसू लागते. त्याला आग लागलेली नसते, तहान लागलेली असते. मातीतले पाणी मुळांतल्या रसापेक्षा दाट झाले की मुळे पाणी ओढू शकत नाहीत. उलट मुळांतलेच पाणी बाहेर जाऊ लागते. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठच्या शेतांना बांध घालून खारे पाणी थोपवतात. गोव्यात अशा जमिनीला खाजन म्हणतात. भरतीच्या वेळी बांध फुटला तर शेतात गुडघाभर पाणी उभे असते आणि त्यात भात तहानेने सुकत असतो. त्याच खाडीच्या काठावर तिवराची झाडे मात्र हिरवीगार दिसतात. काही तिवरे शोषलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. पानावरून बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते.

वनस्पतीच्या पेशीला एक सोय असते. तिच्या नाजूक पडद्याबाहेर आणखी एक मजबूत भिंत असते. पाणी कितीही आत शिरले तरी ही भिंत एका मर्यादेपलीकडे फुगू देत नाही. प्राण्यांच्या पेशींना ही भिंत नाही. रक्तातली तांबडी पेशी साध्या शुद्ध पाण्यात टाकली की ती फुगत जाते आणि फुटते; दाट खाऱ्या पाण्यात टाकली की सुकलेल्या मनुकेसारखी सुरकुतते. म्हणून दवाखान्यात रुग्णाच्या शिरेतून देतात ती बाटली नुसत्या पाण्याची कधीच नसते. साध्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण त्या प्रमाणात रक्तपेशींतून पाणी जास्त जातही नाही आणि जास्त येतही नाही. समुद्रात भरकटलेल्या खलाशाला चहूकडे पाणी असून तहानेने मरण येते, त्याचेही कारण हेच. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढे मीठ बाहेर टाकायला माणसाच्या मूत्रपिंडाला प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते.

सर्वच गोष्टी मात्र परासरणाच्या माथी मारू नयेत. धुण्याभांड्याच्या पाण्यात हात राहिले की बोटांना सुरकुत्या पडतात, त्यालाही पुष्कळ जण हेच कारण देतात. पण ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो त्या बोटाला पाण्यात ठेवूनही अशा सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे तिथे शरीर स्वतःच काही करीत असते. बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा आत ओढली जाते.

माणसाच्या शरीरात या नियमाचा सर्वात मोठा कारभार चालतो तो आतड्यात. प्यालेले आणि खाल्लेले पाणी, शिवाय लाळ, जठररस, पित्त असे शरीराने स्वतः ओतलेले पाणी, असे रोज कित्येक लिटर पाणी मोठ्या माणसाच्या आतड्यात येते आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात जाते. आतड्याच्या पेशींना पाणी ओढता येत नाही. त्या मीठ ओढतात आणि पाणी मिठामागे जाते. जुलाब लागतात तेव्हा हा कारभार उलटतो. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूंचे विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर ओतायला लावते आणि त्यामागोमाग शरीरातले पाणी आतड्यात वाहू लागते. हे विष असते हे १९५९ साली दाखवून दिले ते कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी. धडधाकट माणूस सकाळी आजारी पडून रात्रीपर्यंत दगावतो, तो या पाणी निघून जाण्याने.

बडोद्यातल्या एका मराठी घरात नऊ महिन्यांच्या बाळाला जुलाब सुरू झाले. साधेच दुखणे, पटकी वगैरे काही नाही. सून दर थोड्या वेळाने चमच्याने पाणी पाजू लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आणखी पाणी कशाला पाजतेस? आधीच पाण्यासारखं होतंय त्याला. पोटाला जरा विश्रांती दे." त्यांच्या लहानपणी असेच करीत. जुलाब थांबवायचे तर वरून पाणी थांबवायचे, असा सरळ तर्क. सुनेला ते पटत नव्हते, पण उत्तरही देता येत नव्हते, कारण पाजलेले पाणी खरोखरच खालून जात होते. संध्याकाळी मुलाचे बाबा कामावरून येताना औषधाच्या दुकानातून एक तयार पेय घेऊन आले. खोक्यावर संत्र्याचे चित्र होते आणि चवही छान गोड. बाळाने ते आवडीने प्यायले. रात्रीत जुलाब वाढले.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, थोडा वेळ तशीच उभी राहिली. डोळे खोल गेले होते. रात्रीपासून लंगोट ओला झाला नव्हता. त्यांनी बाळाला तिथेच ठेवून घेतले आणि एक पाकीट पाण्यात विरघळवून वाटी-चमचा सुनेच्या हाती दिला. "एका वेळी एक-एक चमचा, घाई नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका." सासूबाईंनी विचारले, "अहो डॉक्टर, पण पाणीच द्यायचं तर मग कालपासून ती देतच होती की. आणि ते गोड पाणी काय वाईट होतं?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर कोशिंबिरीच्या वाडग्यात आहे. नुसते पाणी आतड्यात गेले तरी त्याला पलीकडे नेणारे मीठ सोबत नसते, आणि शरीरातून गेलेले मीठही त्याने भरून येत नाही. फार दिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन मेंदूच्या पेशी फुगू शकतात. फार गोड पेय दिले तर प्रकार त्याहून वाईट. आतड्यात साखरेचा दाट पाक जातो आणि काकडीतून सुटावे तसे रक्तातले पाणी आतड्यात सुटते. जुलाब वाढतात. मग मीठच जास्त घालावे म्हटले तर तेही घातक, कारण रक्त खारट झाले की पेशी सुरकुततात आणि लहान मुलाला झटके येऊ शकतात.

यातून सुटण्याची वाट आतड्यानेच ठेवली आहे. जुलाबात आतड्याचे नुसते मीठ ओढण्याचे काम बिघडते, पण मीठ आणि ग्लुकोज एकत्र ओढण्याचे एक दार उघडेच राहते. त्या दारातून ग्लुकोजच्या एका कणासोबत सोडियमचे दोन कण आत जातात. साखर ही तिथे नुसती चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसते. ती मिठाला हाताला धरून आत नेते आणि मिठामागे पाणी जाते. हे दार दाखवून दिले रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९६० साली. गंमत अशी की कोलकात्यातल्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून बरे केल्याचे विलायतेतल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे १९६८ मध्ये ढाक्यातल्या प्रयोगांनी ही गोष्ट पक्की झाली. तरीही बहुतेक डॉक्टरांना वाटे की तोंडाने देण्याचा उपाय हलका, खरा उपाय शिरेतूनच.

हा समज मोडला तो १९७१ साली, आणि मोडला नाइलाजाने. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. सरहद्दीजवळच्या बनगावच्या छोट्या इस्पितळात पटकीचे रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि त्या लावणारे प्रशिक्षित हातही कमी होते. कोलकात्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा ठरवले की सर्वांना तोंडानेच पाजायचे. कोलकात्याच्या संशोधन केंद्रात त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला आणि गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली. दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा. बनगावात मोठ्या पिंपांत ते पाण्यात मिसळले जाई. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून त्याला 'तोंडाने घ्यायचे सलाईन' असे नाव दिले. पेल्याने पाजण्याचे काम परिचारिकांनी नव्हे, तर रुग्णांच्या आया, बहिणी आणि भावांनी केले. आठ-नऊ आठवड्यांत ३,७०० वर रुग्ण तपासले गेले. आधी शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली, ३.६ वर आले.

पुढे १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने या उपायाची गणना शतकातल्या सर्वात महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. बांगलादेशात १९८० नंतरच्या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन बायकांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा मिसळायचा हे शिकवीत हिंडल्या. एक कोटीहून अधिक घरांत त्या गेल्या. महालनबीसांना मात्र आपल्या देशात मोठा सन्मान मिळायला फार वेळ लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

कृती तेवढ्यावर थांबली नाही. जुन्या पाकिटातले पाणी रक्तापेक्षा किंचित दाट असे. शास्त्रज्ञांच्या मापाने रक्ताचा दाटपणा सुमारे २९० धरला, तर त्या पाण्याचा ३११ होता. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो २४५ वर आणला. आता लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. रक्ताहून थोडे पातळ, म्हणून पाणी आत जायला अधिक सोपे. या बदलाने उलट्या कमी झाल्या आणि सलाईन लावण्याची वेळ येणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. काही ग्रॅमांचा फरक तो केवढा, पण लहान मुलाच्या आतड्याला तो कळतो.

म्हणून तर संत्र्याच्या चित्राची ती गोड खोकी घातक. कित्येक वर्षे अशी पेये ओआरएस या तीन अक्षरांच्या आडोशाने औषधांच्या दुकानांत विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ठरलेल्या कृतीप्रमाणे नसलेल्या पेयांवर ही अक्षरे छापायला बंदी केली. तरी दुकानदाराकडे मागताना पाकिटावरची कृती वाचून घेतलेली बरी.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना हे सगळे सांगितले नाही. तेवढा वेळ कुठला! त्या एवढेच म्हणाल्या, "आजी, लोणच्याला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना? त्या गोड पाण्यानं बाळाच्या पोटात तसंच झालं." आजींना ते तत्काळ समजले. दुपारपासून वाटी-चमचा त्यांनीच हातात घेतला. तिसऱ्या प्रहरी बाळाने लंगोट भिजवला तेव्हा त्यांनी तो सुनेला मुद्दाम दाखवला.

आता त्यांच्या घरात औषधाच्या डब्यात दोन पाकिटे नेहमी असतात. पाकीट लिटरचे की पेलाभर पाण्याचे हे आजी आधी चष्मा लावून वाचतात, कारण दोन्ही आकारांची मिळतात आणि लिटरचे पाकीट पेल्यात कालवले तर ते औषध राहत नाही. पाणी उकळून गार केलेले. पाकीट पूर्ण ओतायचे, अर्धे आज अर्धे उद्या नाही. झाकून ठेवलेले पाणी चोवीस तासांनी उरले तर झाडाला. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा तोच, आणि सुरीने सपाट केलेला. चव घेऊन पाहायची. अश्रूंपेक्षा खारट लागले तर फेकून पुन्हा करायचे. शौचात रक्त दिसले, मूल पाणीच पिईना किंवा निपचित पडले, तर हे करीत बसायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि झिंकच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्यायचे, कारण जुलाब थांबले की त्या द्यायच्या राहून जातात. आजींच्याकडूनही एकदा राहिल्या होत्या, शेजारच्या मुलाच्या वेळी. आता त्या कॅलेंडरवर खुणा करतात.